परत मिळणारं आम्ल

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात आभाराचं एक पान आहे. मार्गदर्शक, आई-वडील, बायको, प्राचार्य, प्रयोगशाळेतले मामा, सगळ्यांची नावं त्यात आली. माँटमोरिलोनाइट के-१० या फिकट राखाडी भुकटीचं नाव तिथे लिहायची पद्धत नाही, म्हणून ते राहिलं. पुढच्या पानांवर ते जागोजागी आहे, पण साधन म्हणून. या भुकटीचं आणि ती ज्यांच्या हातून माझ्यापर्यंत आली त्यांचं माझ्यावर ऋण आहे, हे लिहायला प्रबंधात जागा नव्हती. ते इथे लिहितो आहे.

मी शहापूर तालुक्यातला, डोळखांबकडचा. घरी पावसावरची भातशेती आणि वरकस जमिनीत थोडी नागली-वरई. आमच्या तालुक्याचं पाणी मुंबई पिते. तानसा धरण १८९२ पासून उभं आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला सगळ्यांत मोठा भातसा, तोही आमच्याकडेच. सातही तलावांत मिळून जेवढं पाणी मावतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसात असतं. तरी होळी झाली की आमच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. आई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढायची आणि त्यातल्या एकाही तांब्याचा हिशोब चुकायची नाही. पाणी मोजून वापरायची सवय मला तेव्हापासून लागली, आणि पुढे रसायनशास्त्राने मला जिथे नेलं त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

उन्हाळ्यात वडील लोकांच्या विहिरी खोदायच्या कामाला जायचे. सुरुंग उडाला की काळा पाषाण फुटायचा आणि कधीकधी त्याच्या पोटातल्या पोकळीत पांढरे, मोतिया झळाळीचे स्फटिक निघायचे. त्यांना आम्ही गारगोट्या म्हणायचो. वडील संध्याकाळी एखादी माझ्यासाठी खिशातून आणायचे. खिडकीच्या फळीवर त्यांची रांग लागली होती. त्या गारगोट्यांचा माझ्या पुढच्या आयुष्याशी काही संबंध असेल, हे तेव्हा कळणं शक्यच नव्हतं.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.एस्सी.साठी आसनगावहून लोकलने कल्याण. इंग्रजीतलं रसायनशास्त्र मी पाठ करून पास झालो. मार्क बरे पडायचे, पण समज तोकडी होती. उत्प्रेरक म्हणजे बाणाच्या डोक्यावर लिहायचं नाव, एवढंच मला माहीत होतं. तो भांड्यात नेमका कुठे असतो, प्रक्रिया संपल्यावर त्याचं काय होतं, हे विचारावं असं कधी मनातही आलं नाही. आम्ल म्हणजे काचेच्या बुचाच्या बाटलीतलं, सांडलं तर कापड जाळणारं द्रव. आम्ल घन असू शकतं, काम झाल्यावर ते गाळून परत घेता येतं, हे एम.एस्सी. झाली तरी मला ठाऊक नव्हतं.

एम.एस्सी.नंतर एका कारखान्यात नोकरी लागली. तिथे ॲसिलेशनचा प्लँट होता. बेंझिनच्या कड्याला ॲसिल गट जोडायची ही रीत फ्रिडेल आणि क्राफ्ट्स या दोघांच्या १८७७ मधल्या कामातून आली आणि शंभर वर्षांहून जास्त काळ जवळजवळ तशीच चालत राहिली. कोरड्या सॉल्व्हंटमध्ये निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड घालायचं, ढवळत ठेवायचं आणि शेवटी सगळं बर्फाच्या पाण्यात ओतायचं. ॲल्युमिनियम क्लोराइडला पुस्तकात उत्प्रेरक म्हणतात. पण इथे ते तयार झालेल्या कीटोनलाच धरून बसतं, म्हणून मोलाला मोलापेक्षा जास्त घालावं लागतं. पाण्यात ओतलं की ते कायमचं संपतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो, खाली आम्लाचं पाणी उरतं. त्यात चुना घातला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत लगदा होतो आणि तो गाळायला रात्र पुरत नाही. माझी पाळी त्या लगद्यापाशी असायची. घसा धरायचा, डोळे चुरचुरायचे. पण मनाला सगळ्यांत जास्त लागायचं ते पाणी. एका बॅचमागे किती जातं ते मी रोज बघत होतो आणि वापरलेलं पाणी पुन्हा कुणाच्या कामाचं उरत नव्हतं.

त्या कारखान्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच चालायचं आणि तिथल्या माणसांनी मला सांभाळून घेतलं होतं. मला वाटायचं, रसायन बनवायचं तर घाण होणारच. खरं तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले झिओलाइट नावाचे घन उत्प्रेरक ऐंशीच्या दशकातच देशातल्या मोठ्या कारखान्यांत पोहोचले होते. माझ्या घरापासून काही तासांच्या अंतरावर हे काम झालेलं होतं आणि माझ्या कानावर त्याचं नावही आलेलं नव्हतं.

नोकरी सोडली ती प्रकृतीमुळे. मुरबाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून लागलो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत एस.टी.ने जायचं. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, दोन दगडी ओटे, गॅसचे सिलिंडर आणि छतावर एक टाकी. धूर ओढून घेणारं कपाट नव्हतं, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. वीज दिवसाचे कितीतरी तास जायची. मार्चनंतर टाकीत पाणी चढायचंच नाही.

आमच्या विभागाचे प्रमुख तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. एका एप्रिलमध्ये तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं राहिली होती आणि टाकी कोरडी. कंडेन्सरमधून पाणी खेळवल्याशिवाय रिफ्लक्स होत नाही. मिनिटाला एक लिटर धरलं तरी एका कंडेन्सरला तासाला ६० लिटर पाणी लागतं, वीस मुलांच्या वर्गाला १,२०० लिटर, आणि ते सगळं सिंकमधून वाहून जातं. मी प्रात्यक्षिकं पुढे ढकलावीत असं सुचवलं. सर म्हणाले, “पाणी नाही ना, मग कंडेन्सर न लागणारी रिॲक्शन करू.” त्यांनी कपाटातून एक बाटली काढली. मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटवर जाऊन स्वतःच्या पैशाने आणलेली ती के-१० होती.

माझ्या आयुष्याला वळण त्या दुपारी मिळालं, म्हणून ती प्रक्रिया जरा सविस्तर सांगतो. पेखमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये कुमारिन बनवायची एक रीत दिली: रिसॉर्सिनॉल आणि इथाइल ॲसिटोॲसिटेट ही दोन रसायनं तीव्र सल्फ्युरिक आम्लात एकत्र करायची. आम्ही ती शिकवायचो तेव्हा बर्फ लागायचा, आम्ल थेंबथेंब घालावं लागायचं आणि सगळं पाण्यात ओतून धूत बसावं लागायचं. सरांनी आम्लाची बाटली जागची हलवली नाही. एका रुंद परीक्षानळीत दोन्ही रसायनं घेतली, त्यात तापवून कोरडी केलेली के-१० घातली आणि नळी तापलेल्या वाळूत उभी केली. सॉल्व्हंट काही नाही. रिसॉर्सिनॉल वितळलं, मिश्रण दाट होत गेलं, पाणी आणि अल्कोहोलची वाफ वर गेली. मग थोड्या गरम अल्कोहोलमध्ये ते विरघळवून त्यांनी गाळलं. भुकटी कागदावर राहिली आणि खालच्या द्रवातून थंड झाल्यावर फिकट स्फटिक पडले. कॉलेजच्या पतपेढीत नोटा तपासायचा निळा दिवा होता, तो सरांनी मागून आणला. कणीपेक्षाही कमी पदार्थ अल्कलीच्या पाण्यात टाकून दिव्याखाली धरला. सगळी नळी निळी उजळली. मुलं बाकांवरून उठून पुढे आली.

मी मात्र फिल्टर पेपरवरच्या भुकटीकडे बघत होतो. सरांनी ती अल्कोहोलने धुतली, ओव्हनमध्ये वाळवली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीसाठी तीच वापरली. पुन्हा स्फटिक पडले. कारखान्यात पोतीच्या पोती ॲल्युमिनियम क्लोराइड पाण्यात मेलेलं मी पाहिलं होतं. इथे आम्लाने काम केलं आणि ते परतही मिळालं. हे असं होऊ शकतं, हे पस्तिशीच्या उंबरठ्यावर मला पहिल्यांदा दिसलं.

त्या मातीच्या आत काय आहे ते सरांनी मला हळूहळू समजावलं. माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती. तिचे सूक्ष्म थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात, आणि पानांच्या मधे पाणी आणि धातूंचे आयन अडकलेले असतात. तीव्र आम्लात ती तापवली की थरांतलं काही ॲल्युमिनियम निघून जातं, थर विस्कटतात, छिद्रं वाढतात आणि आतला पृष्ठभाग उघडा पडतो. एका ग्रॅम के-१० मध्ये दोनशे चौरस मीटरांहून जास्त पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमूटभर मातीत आमच्या लॅबच्या फरशीपेक्षा मोठी जागा. त्या जागेवर ठिकठिकाणी आम्लता असते. थरांमधल्या ताणलेल्या पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन मिळतो, कडेच्या उघड्या ॲल्युमिनियमकडून दुसऱ्या प्रकारची आम्लता मिळते. रेणू येतात, तिथे टेकतात, जोडले जातात आणि निघून जातात. सर हे सांगताना खडूने फळ्यावर थर काढायचे आणि मी वर्गातल्या मुलांबरोबर बसून वहीत उतरवून घ्यायचो.

सरांना स्वतःला पीएच.डी. करायची होती. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं शोधनिबंधांच्या झेरॉक्स जमवल्या होत्या, जाड दोरीने बांधलेली फाईल होती. एक दिवस त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. “माझं आता व्हायचं नाही, तू कर,” एवढंच म्हणाले. मी नको म्हणालो, पण त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या हातात आपली इतक्या वर्षांची इच्छा देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आज मला मिळालेली पदवी खरं तर त्या फाईलची आहे, असं मला मनापासून वाटतं.

फाईलमध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीतल्या, म्हणजे आताच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या, प्रा. गणपती यादव यांचे बरेच निबंध होते. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत प्रा. मनमोहन शर्मांच्या हाताखाली यादव तयार झाले आणि तिथेच त्यांनी घन आम्ल उत्प्रेरकांवर हयातभर काम केलं. संस्थेच्या नावावरून त्यांनी आपल्या उत्प्रेरकांच्या मालिकेला ‘यूडीकॅट’ म्हटलं. ते २००९ ते २०१९ संस्थेचे कुलगुरू होते आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यांत जवळचं वाटलं ते हे, की ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे. खेड्यातून आलेला माणूस या विषयात जगाला सांगण्यासारखं काही करतो, हे वाचून मला जो धीर आला त्याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नाही. मी त्यांचा विद्यार्थी नाही. त्यांचे निबंध मी एस.टी.त, शब्दकोश मांडीवर ठेवून वाचले आहेत.

त्या निबंधांतून मला सल्फेटेड झिर्कोनिया कळला. झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात अमोनिया घालून हायड्रॉक्साइडचा साका पाडायचा, तो धुऊन वाळवायचा, विरळ सल्फ्युरिक आम्लात भिजवायचा आणि ६५० अंशांपर्यंत भट्टीत भाजायचा. जपानमधल्या हिनो आणि अराता यांनी १९७९-८० च्या सुमाराला त्याची खरी ताकद दाखवली. आम्लतेच्या हॅमेट मापावर शंभर टक्के सल्फ्युरिक आम्ल उणे १२ च्या आसपास येतं, हा पांढरा घन उणे १६ पर्यंत जातो. आणि तो पुडीत बांधून ठेवता येतो.

तो बनवताना मात्र पाणी लागतं, आणि भरपूर लागतं. साका जेलीदार असतो, त्यातला क्लोराइड पूर्ण जाईपर्यंत धूत राहावं लागतं. धुतलेल्या पाण्याच्या थेंबात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं, पांढरं धुकं आलं की पुन्हा धुवायचं. म्हणून झिर्कोनिया आम्ही पावसाळ्यातच बनवायचो. आषाढात मुरबाडला पाऊस कोसळत असतो. आमचे मामा पन्हळीखाली स्वच्छ बादल्या लावायचे, आधी त्या पाण्यातच सिल्व्हर नायट्रेट टाकून बघायचे आणि नितळ राहिलं तरच मला हाक मारायचे. पहिली धुणी पावसाच्या पाण्याने, शेवटची डिस्टिल्ड वॉटरने. मामा आठवी शिकलेले. पण साका किती धुतला की पुरे, हे त्यांना माझ्याआधी समजायचं. माझ्या प्रबंधातल्या प्रत्येक ग्रॅम झिर्कोनियावरून त्यांचा हात फिरलेला आहे.

पुढे कल्याणच्या माझ्या मार्गदर्शकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. त्या शिकलो नसतो तर माझं काम वरवरचं राहिलं असतं. पहिली, घन पदार्थांविषयी. खलात दोन घन घोटले की प्रक्रिया होते, म्हणजे घनाची घनाशीच होते, असं मी समजत होतो. मार्गदर्शकांनी मला २००१ मधला एक निबंध वाचायला दिला. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या रॉथेनबर्ग, रॅस्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की अशा बऱ्याच प्रक्रियांत दोन घन मिसळल्यावर त्यांचा वितळणबिंदू खाली येतो आणि मधे एक द्रव तयार होतो. प्रक्रिया त्या द्रवात घडते. नंतर मी खलाकडे नीट बघायला लागलो. पीठ ओलसर होण्याचा तो क्षण स्वच्छ दिसायचा. तो आधीही दिसत असणार, पण काय बघायचं तेच मला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट परत वापरण्याविषयी. उत्प्रेरक पाच वेळा वापरला आणि उतारा फारसा घटला नाही, असा तक्ता बहुतेक निबंधांत असतो. माझ्याकडेही होता. मार्गदर्शकांनी तो बाजूला ठेवून विचारलं, “गरम असताना गाळून बघितलंस का?” प्रक्रिया अर्ध्यावर असताना गरम मिश्रण गाळायचं, भुकटी वेगळी करायची आणि नुसता गाळलेला भाग तापवत ठेवायचा. तो जागच्या जागी थांबला तर काम खरोखर घनावर होत होतं. पुढे चालू राहिला तर आम्ल भुकटीवरून सुटून द्रवात उतरलं आहे, आणि आपण ज्याला घन आम्ल म्हणतो आहोत ते गुपचूप साधं विरघळलेलं आम्लच आहे. तक्ता तेव्हाही चांगला दिसू शकतो, कारण पहिल्या काही वेळांना पुरेल एवढं आम्ल भुकटीत शिल्लक असतं. या कसोटीवर माझे काही उत्प्रेरक टिकले, काही वगळावे लागले. प्रबंध उशिरा झाला. पण आज मी जे लिहिलं आहे त्याकडे बोट दाखवून हे खरं आहे असं म्हणू शकतो, ते त्या एका प्रश्नामुळे.

याच काळात झिओलाइट माझ्या वाचनात आले. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या जाळीचे स्फटिक, आत ठरावीक मापाचे बोगदे. बोगद्यात मावेल तोच रेणू आत जातो, म्हणून नको ते पदार्थ तयार होण्यालाच आळा बसतो. ॲनिसोलच्या ॲसिलेशनसाठी फ्रान्समधल्या रोन-पूलँक कंपनीने नव्वदच्या दशकात ॲल्युमिनियम क्लोराइड सोडून बीटा झिओलाइट घेतला. ॲसेटिक अनहायड्राइड आणि ॲनिसोल उत्प्रेरकाच्या थरावरून वाहतात, पलीकडे कीटोन बाहेर येतो, बर्फाच्या पाण्यात काही ओतावं लागत नाही. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी उठून अंगणात गेलो. त्या लगद्यापाशी घालवलेल्या रात्रपाळ्या आठवत होत्या आणि इतकं मोकळं वाटत होतं, की बायकोला उठवून सांगितलं.

आणि मग कळलं, की वडिलांच्या गारगोट्याही झिओलाइटच होत्या. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजं मिसळलेलं पाणी झिरपलं आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे स्फटिक वाढले. महाराष्ट्राचे हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि कसारा घाट चढून गेलं की सिन्नरला गारगोटी नावाचं आख्खं संग्रहालयच आहे. या नैसर्गिक स्फटिकांचा थेट आम्ल म्हणून फारसा उपयोग होत नाही, कारखान्यात लागणारे झिओलाइट बनवावे लागतात. तरी मी वडिलांना सिन्नरला घेऊन गेलो. काचेमागचे स्फटिक त्यांनी बराच वेळ बघितले. “असले आपण विहिरीवर टाकून द्यायचो,” ते म्हणाले. मी काय शिकतो आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं असावं.

पदवी मिळाली, बढती मिळाली, पगार वाढला, आणि माझ्या घराला त्याचा आधार झाला. पण या रसायनशास्त्राने मला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे माझे विद्यार्थी. आमच्याकडे कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी घरांतली मुलं येतात. संशोधन म्हटलं की महागडी यंत्रं, निर्वात पंप, सॉल्व्हंटची पिंपं, अशी त्यांची समजूत असते, आणि ती चुकीची नाही. ही एक वाट मात्र अशी निघाली, की तिला एक हॉट प्लेट, खल, ओव्हन आणि जुनी मफल भट्टी पुरली. पदार्थाची ओळख पटवायला लागणारे एनएमआरचे आलेख पवईच्या आय.आय.टी.तल्या विश्लेषण केंद्रातून करून घ्यायचो. बाकी सगळं ओट्यावर.

आश्रमशाळेतून आलेल्या एका मुलीने तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बिजिनेली प्रक्रिया घेतली. १८९१ मधली, इटलीतली. बेंझाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया ही तीन रसायनं घन आम्लासोबत तापवली की एकाच भांड्यात एक औषधी महत्त्वाचं कडं तयार होतं आणि बाजूला फक्त पाणी सुटतं. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेला अणुकाटकसरीचा हिशोब तिला समजावून सांगितला. घातलेल्या अणूंपैकी किती हव्या त्या पदार्थात गेले, हे बघायचं. ती फळ्यापाशी गेली आणि गणित मांडलं: तिन्ही मिळून २९६, पदार्थ २६०, दोन रेणू पाणी ३६. जवळजवळ ८८ टक्के. मग तिने विचारलं, “सर, बाकीचं पाणीच आहे, मग वाया काय गेलं?” असा प्रश्न मला तिच्या वयात सुचला नव्हता. ती आता एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहे. पहिल्या पगारातून तिने कॉलेजच्या लॅबसाठी के-१० ची बाटली पाठवली.

हे सगळं सांगताना या विषयाची उणी बाजूही सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण ज्याचं खाल्लं त्याच्याबद्दल खोटं बोलू नये. प्रक्रिया सॉल्व्हंटशिवाय होते, पण पदार्थ भुकटीपासून सोडवायला अल्कोहोल लागतंच. त्यानंतर कुणी सिलिकाच्या कॉलममधून हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट ओतत बसलं, तर वाचवलेलं सगळं तिथे जातं. म्हणून आम्ही शक्यतो असेच पदार्थ घेतो जे स्फटिक होऊन आपोआप वेगळे पडतात. काही घन आम्लं बनवायलाच क्लोरोसल्फॉनिक ॲसिड लागतं आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतो. भट्टीला वीज लागते. वापरता वापरता छिद्रांत डांबरासारखा थर बसतो आणि माती थकते. भाजून तो जाळता येतो, पण कायम नाही. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक साधा आकडा मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा. बारीकसारीक रसायनांत तो ५ ते ५०, औषधांत २५ पासून १०० आणि त्याहूनही वर. पुढे १९९८ मध्ये अनास्तास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनाची बारा तत्त्वं लिहिली, ती आता आमच्या अभ्यासक्रमात आहेत. मुलं तत्त्वं पाठ करून येतात. मी त्यांना आधी कचऱ्याचं वजन करायला लावतो. प्रयोगानंतर गाळलेला द्रव, धुण्याचं पाणी, कागद, सगळं तराजूवर.

सर निवृत्त झाल्यावर दर वर्षी एकदा लॅबमध्ये यायचे. मी पुढे कितीही वाचलं तरी त्यांच्यासमोर मी वहीत उतरवून घेणाराच राहिलो. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याची पीएच.डी. झाली तेव्हा मी ती दोरीने बांधलेली फाईल त्यांच्याकडे परत नेली. त्यांनी ती घेतली नाही. त्या विद्यार्थ्याला द्यायला सांगितलं. फाईल आता त्याच्याकडे आहे, आणि त्याने त्यात बरीच भर घातली आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत मुलांनी एक नवं काम हाती घेतलं आहे. के-१० विकत का आणायची, असा प्रश्न त्यांच्यातूनच आला. मुरबाड-शहापूर भाताचा मुलूख. भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग पडलेले असतात. तूस जाळलं की राखेत बहुतांश सिलिका उरते. राख सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळायची, सिलिकेट गाळून घ्यायचं, त्यात आम्ल घालून जेल पाडायचं, धुवायचं, वाळवायचं आणि मग त्यावर सल्फॉनिक आम्लाचे गट बसवायचे. पांढरी, हलकी सिलिका मिळते. पेखमानची प्रक्रिया तिच्यावर पहिल्या वेळेला सुरेख होते, दुसऱ्या वेळेलाही. तिसऱ्या वेळेला उतारा घसरतो. गरम गाळून बघितलं तर गाळलेला भाग पुढे चालू राहतो, म्हणजे आम्ल सुटतं आहे. गट पुरेसे घट्ट बसलेले नाहीत. मुलांनी तो तक्ता जसाच्या तसा भिंतीवर लावला आहे आणि खाली लिहिलं आहे, की पुढच्या वेळी जेल जास्त दिवस मुरू द्यायचं आणि धुण्याआधी भाजायचं तापमान बदलून बघायचं. पाऊस सुरू झाला की पहिली बॅच लावणार आहोत.